रविवारची बाग

लहान मुलांना हाताशी घेऊन घरी थोडी बाग करावी, असं पुष्कळ आईबापांच्या मनात असतं. बहुतेकदा ते मनातच राहतं, कारण दोन अडचणी लगेच पुढे येतात: जागा नाही आणि रोज वेळ नाही. जागेची अडचण फारशी खरी नाही. खिडकीच्या जाळीत मावेल एवढा पसरट टब आणि दिवसातून तीन-चार तासांचं ऊन, एवढ्यावर पालेभाजी येते. वेळेच्या अडचणीचा मात्र नीट विचार करायला हवा, कारण तिच्यामागे एक समजूत आहे. बाग म्हणजे रोजची निगा, आणि ती जमणार नसेल तर त्या वाटेला जाऊच नये, अशी ती समजूत. ज्याचं पोट शेतीवर आहे त्याला ती लागू पडते. तीन ते सात वर्षांच्या मुलाला घेऊन करायच्या बागेला ती लागू पडत नाही. या वयाला सुट्टीच्या दिवशी, आठवड्यातून एकदा, तासभर निवांतपणे केलेली बाग पुरते. मला तर ती रोजच्या बागेपेक्षा सरस वाटते, आणि तसं वाटण्याला कारणं आहेत.

रोप रोज वाढतं, पण रोज पाहणाऱ्याला ते वाढताना दिसत नाही. कालच्यापेक्षा आज ते बोटाच्या नखाएवढं उंच झालं, हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की कालही हिरवं होतं आणि आजही हिरवंच आहे. म्हणून रोज कुंडीपुढे उभं केलेलं मूल चौथ्या दिवशी कंटाळतं आणि मोठी माणसं म्हणतात, याला आवडच नाही. उलट, पुढच्या महिन्यात किंवा सहा महिन्यांनी फळ येईल, ही भाषाही त्या वयाला पोहोचत नाही. या दोन टोकांच्या मधे आठवडा आहे. सुट्टीचा दिवस गेला, शाळेचे दिवस आले, पुन्हा सुट्टी आली, ही फेरी लहान मुलाच्या ओळखीची असते, आणि नेमकं तेवढ्याच काळात रोपात ठसठशीत फरक पडतो. मेथीच घ्या. शनिवारी रात्री दाणे भिजत घालून रविवारी सकाळी पेरले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उगवतात. दुसऱ्या रविवारी टबभर जोड-पानांची गर्दी असते. तिसऱ्या रविवारी मेथीची ओळखीची तीन-तीन पानं दिसतात, आणि चौथ्या-पाचव्या रविवारी भाजी खुडायला येते. तेवढाही धीर नसेल तर मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूच्या वाफ्यांत घेतात त्या समुद्रमेथीसारखी, दोन आठवड्यांतच कोवळी रोपं मुळांसकट उपटून घ्यावीत. म्हणजे पेरलं एका रविवारी आणि पानात आलं ते तिसऱ्या रविवारी. हा पल्ला चार वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातला आहे.

चवळीत तर बघण्यासारखं आणखी पुष्कळ आहे. तिचा कोंब सरळ वर येत नाही. आधी वाकलेली मान मातीबाहेर येते, वरचं ढेकूळ बाजूला सारते, मग हळूहळू ताठ होते आणि दाण्याची दोन्ही दळं वर उचलून धरते. कधीकधी टरफल एका दळाला चिकटून तसंच राहिलेलं असतं. हरभरा आणि वाटाणा असं करत नाहीत. त्यांची दळं मातीतच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. एकाच टबात चवळी आणि हरभरा शेजारी शेजारी पेरले तर पाच वर्षांचं मूल हा फरक कुणी न दाखवता टिपतं आणि विचारतं, हरभऱ्याचा दाणा कुठे गेला? इथे उत्तर द्यायची घाई करू नये. हरभऱ्याचं एक रोप हलकेच उपटून मुलाच्या हातात द्यावं, दाणा त्याला सापडतो. धण्याची तऱ्हा निराळी. अख्खा धणा हे खरं तर फळ असतं आणि त्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्याने हलकेच दाबून त्याचे दोन भाग करून पेरायचे. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. म्हणजे पुढच्या रविवारी काहीच दिसत नाही, आणि मूल माती उकरून बघायला लागतं. त्याला रागावू नये. एक कोपरा उकरण्यासाठीच ठेवून द्यावा. शिवाय काचेच्या पेल्याला आतून ओला टिपकागद लावून काच आणि कागद यांच्या फटीत दोन-चार चवळ्या सरकवून ठेवल्या, की मातीखाली जे चालतं ते उघड्यावर दिसतं: मूळ खाली जातं, कोंब वर येतो, आणि दाणा उलटा ठेवला तरी दोघे वळून आपापल्या दिशेला लागतात.

ठरावीक अंतराने उगवण पाहण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. नवरात्रात घटस्थापनेला पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती पसरून तिच्यात गहू, ज्वारी अशी धान्यं पेरतात, मधोमध घट मांडतात आणि दसऱ्याला उगवलेलं धान टोपीत, कानावर, केसांत खोवतात. घरातल्या लहान मुलांना बी पेरल्यापासून रोप हाती येईपर्यंतचा सगळा क्रम या नऊ-दहा दिवसांत पाहायला मिळतो. देवघराच्या कोपऱ्यात वाढलेलं ते धान पिवळसर आणि लांबुडकं का असतं, हा प्रश्नही त्यातच दडलेला आहे. उजेड नसला की पानात हरितद्रव्य तयार होत नाही, आणि रोप उजेडाच्या शोधात उंच वाढत जातं. दोन वाट्यांत मूठ-मूठ गहू पेरून एक खिडकीत आणि एक बंद कपाटात ठेवली, तर पुढच्या रविवारी मुलाला हे शब्दांशिवाय कळतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच विश्वासावर, की आपल्या जमिनीवर प्रयोग करून आणि तो इतरांना सांगून माणूस शिकतो, त्यासाठी पदवी लागत नाही. त्यांच्यासमोर द्राक्षबागायतदारांसारखे मोठे लोक होते. पण दोन वाट्यांतला फरक बघणारं मूलही त्याच पद्धतीने शिकत असतं.

मात्र प्रयोग मुलाचा हवा. इथेच बहुतेक घरांतली बाग फसते. मूल बी टाकतं, आई ते उचलून नीट ओळीत लावते. मूल पाणी घालतं, बाबा झारी काढून घेतात. जर्मनीतल्या फ्रीडरिक फ्रोबेल यांनी 1837 साली ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं, तेव्हा खरीखुरी बाग तिचा भाग होती. प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा छोटा वाफा आणि शिवाय सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे, अशी त्यांची मांडणी होती. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. मुलांना खोटी खेळणी नकोत, त्यांच्या हाताच्या मापाची खरी साधनं द्या, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. तिथे महागडी साधनं नव्हती, म्हणून बिया, पानं, शंख-शिंपले, काड्या यांतूनच शिक्षण उभं राहिलं. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली. या तीन परंपरांचे तपशील वेगळे असले तरी एका गोष्टीवर त्या ठाम आहेत, की मुलाच्या हातात खरं काम आणि खरी वस्तू द्यायची आणि मोठ्यांनी मागे सरायचं. घरी याचा अर्थ सोपा आहे. एक टब मुलाचा. त्यात ओळी वाकड्या आल्या तर येऊ द्याव्यात. एका खड्ड्यात पन्नास मेथीदाणे ओतले तर ओतू द्यावेत. पुढच्या रविवारी तिथे झुबका उगवेल, रोपं एकमेकांना दाटीने ढकलत असतील, आणि कडेला एकटा पडलेला दाणा जास्त जोमाने वाढलेला दिसेल. मग मुलासोबत विरळणी करावी, उपटलेली कोवळी रोपं धुऊन त्याच दिवशी कोशिंबिरीत घालावीत. दाट पेरू नये हा धडा पुढच्या पेरणीत ते मूल स्वतःच अमलात आणतं. प्लास्टिकची खेळण्यातली फावडी पहिल्याच ढेकळाला मोडतात, त्यापेक्षा जुना पोलादी चमचा किंवा छोटी खुरपी बरी.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असेल: आठवड्यातून एकदा पाणी घालून कुठली बाग जगते? रास्त प्रश्न आहे. पण पाणी घालणं आणि बाग करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी हे मिनिटभराचं घरकाम आहे. कपडे वाळत घालताना तांब्याभर पाणी घालायला वेगळा वेळ लागत नाही, आणि ते कुणीही करावं. पेरणं, विरळणं, उकरणं, खुडणं, निरखणं, हे सगळं रविवारसाठी राखावं. पाण्याची गरजही कमी करता येते. टब निदान सहा-आठ इंच खोल असावा, मातीवर वाळका पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात, म्हणजे ओल टिकते. थंडीत आणि पावसाळ्यात मग फार काही करावं लागत नाही. ऐन एप्रिल-मेमध्ये मात्र उथळ कुंडीतली पालेभाजी रोजच्या पाण्याशिवाय टिकणार नाही, हे मान्य करून त्या दोन महिन्यांत पेरणी थांबवलेली बरी. तसंही घरच्या कुंड्यांतली पुष्कळ झाडं पाण्याच्या कमतरतेपेक्षा जास्त पाण्यानेच मरतात, आणि मुलांना तर पाणी ओतण्यात सर्वांत जास्त आनंद असतो. झारी काढून घेण्यापेक्षा कुंडीच्या बुडाला मोठी भोकं पाडावीत आणि एक नियम शिकवावा: बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसून बघायचं, बोटाला ओली माती लागली तर आज पाणी नाही. बोट मातीत घालायची ही परवानगी मुलांना पाण्याइतकीच आवडते.

एवढं करूनही काही रोपं मरतील. त्यात बिघडत नाही. मूठभर मेथीदाण्यांची किंमत ती काय? रोप वाळलं तर ते गुपचूप फेकून, रात्रीतून रोपवाटिकेतलं तयार रोप आणून ठेवणं हे मात्र मुलाला फसवणं आहे. वाळलेलं रोप उपटून मुळं पाहावीत. ती कुजलेली आहेत की कोरडी, हे मुलालाही ओळखता येतं.

दुसरा आक्षेप मातीचा. घाण, जंतू, जंत, डास. या काळज्या खोट्या नाहीत. मातीत हात घातल्यावर साबणाने हात धुणं, नखं कापलेली असणं, हाताला जखम असेल तर त्या दिवशी फक्त पाहणं, आणि धनुर्वाताची लस वेळेवर दिलेली असणं, या गोष्टींना पर्याय नाही. ताजं शेण वापरू नये, पूर्ण कुजलेलं खत किंवा गांडूळखत घ्यावं. पण मातीपासून मुलाला पूर्ण लांब ठेवणं हेही आरोग्याचं नव्हे, असं सुचवणारा पुरावा पुढे येतो आहे. फिनलंडमधल्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या 75 मुलांवर केलेला एक अभ्यास 2020 साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झाला. काही पाळणाघरांच्या खडी अंथरलेल्या अंगणांत जंगलातली माती, हिरवळ आणि लागवडीसाठी पेट्या आणून ठेवल्या. अवघ्या 28 दिवसांत तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांचं वैविध्य वाढलं आणि रक्तातले रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित काही निर्देशकही बदलले. मुलं कमी होती, आणि त्यांचे आजार कमी झाले असं या अभ्यासाने दाखवलेलं नाही. तेवढा दावा करू नये. तरी माती म्हणजे निव्वळ धोका, हे म्हणणं आता टिकत नाही. डासांचा प्रश्न तर आठवड्याच्या बागेला अनुकूलच आहे. डेंगी पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून तर आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. ताटल्या ओतून कोरड्या करणं आणि कडेला चिकटलेली अंडी निघावीत म्हणून ब्रशने घासणं, हे रविवारचं काम पाच वर्षांचं मूल मन लावून करतं.

बिया आणि झाडं निवडताना मात्र सैल राहून चालत नाही. बाजारातल्या पाकिटबंद बियांवर अनेकदा बुरशीनाशकाचा लेप असतो. गुलाबी, निळा असा भडक रंग दिसला तर ते बी लहान मुलाच्या हाती देऊ नये. स्वयंपाकघरातले मेथी, धणे, मोहरी, चवळी, मूग हे खाण्याचेच दाणे, म्हणून सर्वांत निर्धास्त. तोरणातला झेंडू वाळला की त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या काड्यांसारखं बी मिळतं, तेही पेरावं. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, एरंड आणि घरात शोभेसाठी ठेवला जाणारा डिफेनबाखिया ही विषारी झाडं लहान मुलांच्या हाताशी असू नयेत. कीटकनाशक तर मुलांच्या बागेत नकोच. मावा पडला तर पाण्याच्या धारेने धुऊन टाकावा. शिवाय पानं खाणारी प्रत्येक अळी शत्रू नसते. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानावर लिंबाचं फुलपाखरू टाचणीच्या डोक्याएवढं पिवळसर अंडं घालतं. त्यातून निघालेली अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते, आणि तिला जरा डिवचलं की डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. मग कोष, आणि उबदार हवेत एकंदर तीन-चार आठवड्यांत फुलपाखरू. दर रविवारी त्याच झाडावर वेगळंच काहीतरी! अळी थोडी पानं खाईल, पण बऱ्यापैकी वाढलेलं कढीपत्त्याचं झाड पुन्हा फुटतं. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉनसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.

आता एक आक्षेप असा, जो बागेच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच ओढवून घेतला आहे. बागकामाने मुलं भाज्या खायला लागतात, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं सिद्ध झालेलं नाही. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी लंडनमधल्या प्राथमिक शाळांत याची तपासणी केली, तिचे निष्कर्ष 2014 साली आले. नुसती बाग सुरू केल्याने मुलांच्या रोजच्या खाण्यात भाज्या-फळं फारशी वाढली नव्हती. जिथे बाग शाळेच्या जगण्यात खोलवर मुरली, तिथे मात्र फरक दिसला. हे सरळ मान्य करावं. नवी चव लहान मूल एकदा-दोनदा नाकारतं. आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर आल्यावर स्वीकारतं, हे आहारतज्ज्ञ पुष्कळ वर्षं सांगत आले आहेत. घरची मेथी त्या आठ-दहा वेळांतली एक-दोन वेळ होईल, एवढंच. शाळांमध्ये पोषणबाग करण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने 2019 मध्ये काढल्या, महाराष्ट्रात अनेक शाळांत परसबागा आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण शाळेची बाग चाळीस मुलांची असते, आणि उकरून बघायचा हक्क तिथे कुणालाच नसतो. घरच्या टबाचं मोल त्या हक्कात आहे. भाजी खावी, एकाग्रता वाढावी, गुण वाढावेत म्हणून बाग करायला घेतली, की रविवारचा तासही शिकवणीचा होतो आणि मुलं ते लगेच ओळखतात. मुलाला स्वतःच्या हाताने काहीतरी उगवल्याचा आनंद होतो आणि शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचा तो तास त्याला अख्खा मिळतो, हे कारण माझ्या मते पुरेसं आहे.

मूल वीस मिनिटांत उठून गेलं तर जाऊ द्यावं. या वयाचं लक्ष तेवढंच टिकतं. आपण कुंडीजवळ बसून राहिलो तर ते पुन्हा येतं. फोन मात्र बाजूला ठेवावा. दर पानाचा फोटो काढणाऱ्या माणसासोबत मुलाला बाग करता येत नाही. सुरुवातीला एकच टब आणि दोनच बिया पुरेत. पावसाळ्यात चवळी आणि झेंडू, दिवाळीच्या सुमाराला मेथी, धणे, मुळा, आणि उन्हाळ्यात फक्त पेल्यातली उगवण. येत्या शनिवारी रात्री डब्यातले मूठभर मेथीदाणे मुलाच्या हातानेच वाटीत भिजत घाला आणि सकाळी तो टब त्याच्या स्वाधीन करा.